काशीची चोखणी आणि पुढच्या दातांमधली फट

दशाश्वमेधाकडून अस्सीच्या दिशेने घाटाघाटाने चालत निघालं, की अहिल्याबाईंचा घाट, चौसट्टी आणि पांडे घाट मागे पडतात आणि राजा घाट लागतो. मराठी माणसांच्या जुन्या बोलण्यात हा अमृतराव घाट. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे १८०३ मध्ये इंग्रजांकडून सालीना सात लाखांची नेमणूक घेऊन पुण्याच्या राजकारणातून बाहेर पडले. पुढे त्यांचा मुक्काम काशीकडे होता आणि १८२४ मध्ये ते वारले. घाटाची भक्कम दगडी बांधणी आणि अन्नछत्राची आठवण त्यांच्या नावाला अजून चिकटून आहे.

अशा मराठी खुणा जपणाऱ्या काशीची यात्रा करून परतणाऱ्या मराठी कुटुंबाच्या गाठोड्यात गंगेचा गडू असायचाच. घरी मावंदं झालं की गंगोदक वाटलं जायचं. पण घरातल्या पोरांचा डोळा असायचा तो त्याच गाठोड्यातल्या दुसऱ्या पुरचुंडीवर, विश्वनाथ गल्लीतून आणलेल्या रंगीत लाकडी खेळण्यांवर. भोवरे, भातुकलीची भांडी, खुळखुळे, आणि घरात तान्हं बाळ असेल तर एक चोखणी: बोटभर लांबीची, एका टोकाला गुळगुळीत बोंड आणि दुसऱ्या टोकाला धरायला मूठ. उत्तरेत तिला चुसनी म्हणतात. आज औषधांच्या दुकानात प्लॅस्टिकच्या पाकिटात मिळणारा पॅसिफायर तिचाच धाकटा भाऊ. दोघांचं काम एकच, रडणाऱ्या बाळाच्या तोंडाला चाळा देणं. बाळाच्या जबड्यावर मात्र दोघांचा परिणाम सारखा होत नाही. हा फरक का पडतो हे समजून घेतलं, की दंतवैद्य पॅसिफायरबद्दल इतकं काळजीनं का बोलतात तेही कळतं.

ही खेळणी बनतात बनारसच्या कश्मीरीगंज आणि खोजवाँ या मोहल्ल्यांत. तिथे लाकूड खरादावर चढतं. तुकडा गरगर फिरत असतो, कारागीर पटाशीनं त्याला आकार देतो आणि आकार झाला की रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर नुसती टेकवतो. घर्षणानं लाकूड तापतं, लाख वितळते आणि लाकडाभोवती तिचा पातळ थर बसतो. मग केवड्याच्या पानाचा तुकडा आणि तेलाचा हात फिरवला की तकाकी येते. सावंतवाडीच्या चितारआळीत लाखकाम पाहिलेल्या माणसाला हे सारं ओळखीचं वाटेल. बनारसच्या या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. १ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, तेव्हा मानांकन असलेल्या वस्तूंना आणि नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट दिली गेली. कारागिराच्या पोटासाठी ही सूट योग्यच आहे. पण जी वस्तू थेट बाळाच्या तोंडात जाणार, तिचा रंग लाखेचा आहे की बाजारच्या ऑइलपेंटचा, हे विचारूनच घ्यावं. रंगात शिसं असेल तर ते चोखण्यावाटे पोटात जातं, आणि शिशाची इजा मेंदूपर्यंत पोचते.

बाळाला चोखावंसं का वाटतं? भुकेमुळे, हे अर्धंच उत्तर झालं. आईच्या पोटातलं बाळ चौथ्या महिन्यातच अंगठा तोंडात घालताना सोनोग्राफीत दिसतं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ मात्र साधारण बत्तीस ते चौतीस आठवड्यांच्या सुमाराला बसतो. म्हणूनच फार लवकर जन्मलेल्या बाळाला नळीनं दूध द्यावं लागतं. जन्मल्यानंतर बाळ दोन चालींत चोखतं. दूध येत असलं की सेकंदाला साधारण एकदा, संथ आणि खोल, मध्ये गिळायला जागा ठेवून. दूध येत नसलं, तोंडात नुसतं बोट किंवा चोखणी असली, की सेकंदाला सुमारे दोनदा, भराभर, आणि मध्ये विश्रांती. पीटर वुल्फ या अमेरिकी डॉक्टरांनी १९६०च्या दशकात ही लय मोजून मांडली. ही दुसरी चाल म्हणजे बाळाचं स्वतःला शांत करणं. त्यात लाड नाहीत आणि खोडही नाही. वडाच्या पानावर पहुडलेला, पायाचा अंगठा तोंडात घातलेला बाळमुकुंद चितारणाऱ्यांनी हे फार आधीच ओळखलं होतं.

युरोपातही बाळाला चोखायला काहीतरी देण्याची रीत जुनी आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररच्या १५०६ मधल्या एका चित्रात मेरीच्या मांडीवरच्या बाळ येशूच्या हातात कापडाची चोखणपुरचुंडी आहे. अशा पुरचुंडीत भाकरीचा चुरा, साखर किंवा मध बांधून देत. आपल्याकडच्या फडक्यात बांधून दिलेल्या खडीसाखरेशी तिचं नातं सरळ जुळतं. श्रीमंतांच्या पोरांना पोवळ्याची किंवा हस्तिदंताची, चांदीत मढवलेली चोखणी मिळे. रबरी बोंड, मागे ओठांना अडणारी चकती आणि धरायला कडी, हा आजचा आकार अमेरिकेत १९००च्या सुमाराला रूढ झाला. १९४९ मध्ये जर्मनीत विल्हेल्म बाल्टर्स आणि आडोल्फ म्युलर यांनी आईच्या स्तनाग्राच्या दबलेल्या आकारावर बेतलेलं चपटं बोंड तयार केलं. ‘ऑर्थोडॉन्टिक’ अशी पाटी लावून विकले जाणारे आजचे पॅसिफायर याच वंशातले.

आता तोंडात डोकावू.

दात हाडात खिळ्यासारखे ठोकलेले असतात अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते हाडात एका लवचीक पडद्याला टांगलेले असतात आणि त्यांची जागा आजूबाजूचे स्नायू ठरवतात. आतून जीभ ढकलते, बाहेरून ओठ आणि गाल आवळतात. या दोन दाबांच्या मधोमध दातांची कमान स्थिरावते. अमेरिकेतले ऑर्थोडॉन्टिस्ट विल्यम प्रॉफिट यांनी १९७८ मध्ये या समतोलाची नीट फेरमांडणी केली. पालकांनी त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे. दात हलवायला जोर लागत नाही, वेळ लागतो. घास चावताना दातांवर पडणारा दाब प्रचंड असतो, पण तो क्षणभराचा, म्हणून दात जागचा हलत नाही. उलट अगदी हलका दाब दिवसाचे साधारण सहा तास सलग राहिला, तर दात सरकू लागतो. तारा लावून दात सरळ करणारे डॉक्टर याच नियमाचा फायदा घेतात. रात्रभर तोंडात राहिलेला पॅसिफायर त्याच नियमानं उलटं काम करतो.

इथेच लाकडी चोखणी आणि सिलिकॉनचं बोंड यांच्या वाटा वेगळ्या होतात. काशीची चोखणी जड आणि कडक. ती तोंडात ठेवायची तर मुठीत धरावी लागते. बाळ ती तोंडात घालतं, हिरड्यांनी चावतं, बाहेर काढून पाहतं, आपटतं आणि झोप लागली की हातातून सोडतं. सगळं मिळून दिवसातली काही मिनिटं. सिलिकॉनचा पॅसिफायर मऊ आणि हलका. मागची चकती ओठांवर टेकते आणि बोंड तोंडात आपोआप धरून राहतं. झोपेतही तो तासन् तास टिकतो. वस्तू मऊ म्हणून ती निरुपद्रवी, हा समज म्हणूनच चुकीचा.

तीन-साडेतीन वर्षांचं एखादं मूल, अजून रात्री पॅसिफायर तोंडात घेऊन झोपणारं. त्याला दाढा घट्ट मिटायला सांगा आणि दोन बोटांनी ओठ हलकेच बाजूला करा. मागचे दात एकमेकांवर टेकलेले दिसतात, पण पुढे वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांमध्ये लांबट गोल खिडकी उरलेली असते. चोखणीची मान जेवढी जाड, जवळजवळ तेवढीच. बोंड मध्ये असल्यानं तिथले दात पुरते वर यायला अडले आणि मागचे दात मात्र वाढत राहिले. दंतवैद्य याला ओपन बाइट म्हणतात. घरी त्याची चाहूल जेवताना लागते. असं मूल पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडत नाही, हातानं फाडतं किंवा तोंड वाकडं करून बाजूच्या दातांनी ओढतं. पेरूची फोड दिली तर चाव्याची खूण दोन्ही कडांना उमटते आणि मधला भाग तसाच राहतो.

ही खिडकी दिसते तरी. पॅसिफायरचं दुसरं काम पडद्यामागे चालतं आणि तेच जास्त चिवट असतं.

जीभ विसाव्याला असते तेव्हा ती टाळूला टेकलेली असायला हवी. तिचा तो सततचा मंद रेटा म्हणजे वरच्या जबड्याचा आतला आधार. टाळूचं हाड दोन भागांचं असतं, मधली शिवण लहानपणी उघडी असते आणि जिभेच्या आधारानं वरची कमान रुंद होत जाते. तोंडात बोंड आलं की जिभेला खाली सरकावं लागतं. आतला आधार गेला. त्यातच बाळ चोखत असतं म्हणजे गाल आत ओढत असतं, आणि गालांचा हा दाब वरच्या सुळ्यांच्या आसपास सगळ्यात जास्त. कमान तिथे चिमटते, टाळू अरुंद आणि खोल होते. खालच्या जबड्यात उलट घडतं. खाली सरकलेली जीभ तिथली कमान आतून रुंद करते. वरचं झाकण डब्याहून लहान झालं तर काय होईल? वरच्या दाढा खालच्या दाढांच्या बाहेरून बसायच्या, त्या आतून बसू लागतात. हा क्रॉसबाइट. नीट चावता यावं म्हणून मूल खालचा जबडा नकळत एका बाजूला सरकवतं आणि तीच सवय होते. वाढत्या वयात जबडा रोज एकाच बाजूला सरकत राहिला तर हाडाची वाढही डावी-उजवी असमान होऊ शकते. आई-वडिलांना यातलं काही दिसत नाही, कारण हसताना पुढचे दातच दिसतात.

अंगठ्याचं गणित थोडं निराळं. अंगठा आत जाऊन वरच्या पुढच्या दातांना मागून पुढे रेटतो आणि खालच्यांना आत दाबतो. म्हणून अंगठा चोखणाऱ्या मुलांचे वरचे दात पुढे आलेले जास्त दिसतात. शिवाय अंगठा कपाटात ठेवता येत नाही. या एका कारणासाठी अनेक बालदंतवैद्य सुटायला सोपा म्हणून पॅसिफायर परवडला असं म्हणतात, आणि ते पटण्यासारखं आहे.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जॉन वॉरेन, समीर बिशारा आणि सहकाऱ्यांनी जन्मापासून मुलांच्या चोखण्याच्या सवयींची नोंद ठेवली, मग दुधाच्या दातांचे साचे तपासले आणि २००१ मध्ये निष्कर्ष छापले. चार वर्षांनंतरही बोट किंवा पॅसिफायर चालू असलेल्या दर दहा मुलांपैकी सुमारे सातांना ओपन बाइट, क्रॉसबाइट किंवा पुढे आलेले दात यांपैकी काही ना काही होतं. सवय जितकी लवकर सुटली तितकं हे प्रमाण खाली आलं. दोन-तीन वर्षांच्या दरम्यान सोडलेल्यांतही काही खुणा उरल्या होत्या, हे मात्र त्या आधीच्या समजुतीला धक्का देणारं होतं. तोवर ‘कायमचे दात येईपर्यंत काळजी नको’ असंच सर्रास सांगितलं जाई. आज अमेरिकेतली बालदंतवैद्यांची अकादमी तीन वर्षांच्या आत सवय सुटावी असं सांगते.

दुधाच्या दातांचं वेळापत्रकही याच वयांशी जुळतं. पहिला दात सहाव्या महिन्याच्या आसपास, दीड वर्षाच्या सुमाराला सुळे, अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दात हजर. म्हणजे पहिल्या वर्षात चोखणीला धक्का द्यायला तोंडात फारसे दातच नसतात. सुळे आणि दुधाच्या दाढा येऊन वरच्या-खालच्या कमानी एकमेकींत बसू लागतात, तेव्हा मध्ये असलेला अडथळा महाग पडायला लागतो.

बाळाच्या दातांची काळजी आपल्याकडे नवी नाही. काशीचा राजा दिवोदास म्हणजेच धन्वंतरी, त्याच्याकडून शल्यविद्या शिकलेला सुश्रुत, ही परंपरा तर काशीच्या मातीतलीच. पण चोखणीच्या विषयाला सगळ्यात जवळचं सापडतं चरकसंहितेच्या शारीरस्थानात. बाळाची खेळणी कशी असावीत हे तिथे सांगितलं आहे: रंगीबेरंगी, आवाज करणारी, मन रमवणारी, हलकी, टोकं अणकुचीदार नसलेली, भीती न दाखवणारी, जिवाला धोका न करणारी आणि तोंडात जाऊ न शकणारी. ही शेवटची अट वाचून थबकायला होतं. अमेरिकेत १९७७ मध्ये पॅसिफायरसाठी सुरक्षेचा नियम झाला. बोंडामागची चकती तोंडात सरकणार नाही एवढी मोठी हवी आणि चुकून सरकलीच तर श्वास चालू राहावा म्हणून तिला भोकं हवीत, हा त्याचा गाभा. अट जवळपास तीच. काशीच्या चोखणीची मूठ बोंडापेक्षा चांगली जाड असते, तेही बरंच. मात्र तिच्या टोकाला खुळखुळा असेल आणि तो सैल झाला किंवा लाखेचा टवका उडाला, तर ती बाळाच्या हातातून काढून घ्यावी. आणि लाकडी असो वा सिलिकॉनची, दोऱ्यात ओवून बाळाच्या गळ्यात कधीच अडकवू नये. गळ्यातल्या काळ्या दोऱ्याची ज्या घरांना सवय आहे तिथे हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

बालरोगांना वाहिलेल्या काश्यपसंहितेत तर दात येण्यावर स्वतंत्र अध्याय आहे. बत्तीस दातांपैकी आठ एकदाच येतात, बाकीचे दोनदा जन्मतात म्हणून ते ‘द्विज’, असं त्यात म्हटलं आहे. आजच्या हिशेबात एकदाच येणाऱ्या दाढा बारा भरतात, पण दातांचे दोन जन्म ओळखणारी ती नजर अचूक होती. दातांच्या ठेवणीचे चार प्रकारही तिथे दिले आहेत. त्यातला ‘विवृत’ म्हणजे उघडा प्रकार: ओठांनी पुरते न झाकले जाणारे, सतत लाळेनं भिजलेले, लवकर रंग बिघडणारे दात. ओठ न मिटणारं मूल समोर बसलं की आजचा दंतवैद्यही हेच बघतो.

मराठी घरांत सिलिकॉनच्या आधी बाळाच्या तोंडात काय काय जायचं? बोंडल्यानं गुटी, दात शिवशिवू लागले की चोखायला खारीक, आणि बोटाला लावून मध. यातल्या मधाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते काही करत नाहीत, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि त्यानं बाळ लुळं पडतं. वर्ष उलटल्यावरही पॅसिफायर मधात, साखरेच्या पाण्यात किंवा गुळात बुडवून तोंडात देणं म्हणजे नव्या दातांना रात्रभर गोडात भिजत घालणं. पुढचे वरचे चार दात आधी पांढुरके डागाळतात, मग तपकिरी होतात, मग हिरडीपाशी मोडतात. गोड दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्या मुलांचे दात असेच किडतात. खारकेचा तुकडा सुटून घशात अडकू शकतो. त्यापेक्षा फ्रिजमध्ये गार केलेलं स्वच्छ ओलं फडकं हिरड्यांना बरं.

खाली पडलेला पॅसिफायर आईनं स्वतःच्या तोंडात चोखून पुन्हा बाळाला देणं, हेही नेहमीचं. २०१३ मध्ये स्वीडनच्या गॉथेनबर्गमधल्या संशोधकांनी असं करणाऱ्या आईबापांच्या मुलांना इसब कमी झाल्याचं नोंदवलं आणि त्याची खूप चर्चा झाली. पण आईच्या तोंडात किडलेले दात असतील तर कीड करणारे जिवाणूही त्याच वाटेनं बाळाकडे जातात. त्यामुळे बहुतेक दंतवैद्य साध्या पाण्याखाली धुण्याचाच आग्रह धरतात.

एवढं सगळं वाचून कुणी घरातला पॅसिफायर कचऱ्यात टाकायला उठेल, तर त्यानं जरा थांबावं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना अतिदक्षता कक्षात चोखायला दिलं तर ती तोंडानं दूध घ्यायला लवकर शिकतात आणि घरीही लवकर जातात. सुई टोचताना चोखणाऱ्या बाळाला कमी दुखतं. झोपेत अचानक होणाऱ्या बालमृत्यूचा धोका पॅसिफायरनं कमी होतो असं आढळल्यावर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २००५ पासून झोपवताना तो देऊन पाहावा असा सल्ला दिला आहे. अट एवढीच, की अंगावर पाजणं आधी नीट बसलेलं हवं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्ये स्तनपानासाठी जी दहा पावलं आखली, त्यात अंगावर पिणाऱ्या बाळाला कृत्रिम बोंड देऊच नये असं होतं. २०१८ मध्ये त्याची भाषा बदलली, आईला त्यातले धोके समजावून सांगावेत अशी झाली. न्यू जर्सीत लेकीच्या बाळंतपणाला गेलेली पुण्याची आजी पॅसिफायरला नाक मुरडते आणि तिथली डॉक्टर तो झोपताना द्या म्हणते, तेव्हा खरं तर दोघी एकमेकींच्या विरोधात नसतात. डॉक्टर पहिल्या वर्षाबद्दल बोलत असते, आजीच्या डोळ्यापुढे तिसरं वर्ष असतं.

दातांपलीकडच्या दोन गोष्टी. पहिली कानाची. फिनलंडमधल्या औलू शहरात बालआरोग्य केंद्रांतून आई-वडिलांना पॅसिफायर फक्त झोपवण्यापुरता वापरायला सांगितलं, तेव्हा मुलांच्या मधल्या कानाच्या जंतुसंसर्गात सुमारे २९ टक्के घट झाली. हे २००० साली प्रसिद्ध झालं. दुसरी बोलण्याची. चिलीच्या पॅटागोनिया भागातल्या बालवाडीच्या मुलांच्या २००९ मधल्या अभ्यासात, तीन वर्षांनंतरही बोट किंवा पॅसिफायर चोखणाऱ्यांत उच्चारदोषाची शक्यता तिपटीच्या घरात दिसली. मराठी मुलाला तर दातांचा उंबरठा जास्तच लागतो. ‘चमचा’, ‘चाक’, ‘जाळं’, ‘झाड’ यांतले च, ज, झ जिभेचं टोक दातांमागे टेकवूनच उमटतात, शिवाय स आहेच. पुढे फट असली की जीभ तिच्यातून बाहेर डोकावते आणि स पोकळ होतो.

सवय सुटायची कशी? अंगठ्याला कारल्याचा रस, कडुनिंब किंवा मिरची लावणं, चारचौघांत ‘अजून चोखतोस?’ म्हणून हसणं, हे आपल्या घरांतले जुने उपाय. मिरचीचा हात डोळ्याला लागतो, आणि लाजलेलं मूल गोधडीखाली जास्तच चोखतं. चोखणं हा त्याचा आधार आहे. तो हिसकावला तर ते दुसरा शोधतं, आणि बहुतेक वेळा तो अंगठाच असतो. आधी दिवसाची वेळ कमी करावी, पॅसिफायर फक्त पाळण्यात किंवा अंथरुणात ठेवावा. मग झोप लागली की हळूच काढून घ्यावा, म्हणजे सहा तासांचा सलग दाब तरी तुटतो. दोन वर्षांच्या मुलाला गोष्ट कळते, निरोप देणंही कळतं. डेन्मार्कमध्ये बागेतल्या एखाद्या झाडाला मुलं स्वतःच्या हातानं आपला पॅसिफायर बांधून येतात. कोपनहेगनजवळच्या फ्रेडरिक्सबर्गच्या बागेतलं असं झाड शेकडो रंगीत पॅसिफायरांनी लगडलेलं असतं. आपल्याकडे बाळाचं जावळ काढतो, उष्टावण करतो. चोखणीच्या निरोपालाही घरातल्या घरात एखादा गोड दिवस ठरवता येईल.

सवय सुटल्यावर जबडा बरंचसं स्वतःच सावरतो. चार वर्षांच्या आत चोखणं थांबलं तर पुढची खिडकी बहुतेक मुलांत काही महिन्यांत बुजू लागते. जीभ टाळूला परतते, ओठ मिटतात, अडलेले दात उरलेला प्रवास पुरा करतात. क्रॉसबाइट मात्र इतक्या सहज जात नाही. तो राहिलाय का, हे दाढा मिटवून मागे नीट पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलाला एकदा दंतवैद्याकडे न्यावं. बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या दंतविज्ञान विभागापासून मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयापर्यंत सरकारी आणि पालिकेच्या संस्थांत ही तपासणी होते. अरुंद झालेली वरची कमान लहानपणी साध्या उपकरणानं रुंद करता येते, कारण टाळूची शिवण अजून जुळलेली नसते. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ गुपचूप येते. दुधाचा कुठलाही दात न पडता आल्यानं ती दुधाचीच समजली जाते. त्याआधी दोन्ही कमानी जागेवर असल्या तर तिलाही नीट जागा मिळते.

घरी फरक बघायला आरसा लागत नाही. चोखणी सुटून चार-सहा महिने झाले, की मुलाच्या हातात पेरूची फोड द्यावी आणि पहिला चावा घेतल्यावर ती परत मागून घ्यावी. आधी जिथे दोन्ही कडा तुटून मध्ये गर शाबूत राहायचा, तिथे आता चार छोट्या पटाशीच्या दातांची रांग उमटलेली असते.